आल्प्सच्या पायथ्याशी पोळा

बालमित्रांनो, पोळ्याच्या आधीचा आठवडा जरा डोळ्यांसमोर आणा बघू. बाजारात कासरे, वेसणी, गोंडे, घुंगरमाळा यांची दुकानं थेट रस्त्यावर मांडलेली. कुणी झूल निवडतंय, कुणी शिंगांसाठी रंगाचा डबा घेतंय आणि तुमच्यासारखी चिल्लीपिल्ली मातीच्या बैलजोडीसाठी आईचा पदर ओढताहेत. आमच्या जालना जिल्ह्यात तरी हे चित्र हमखास दिसतं. दिवाळीपेक्षा पोळ्याची जास्त वाट पाहणारी मुलं मी माझ्या वर्गात पाहिली आहेत.

असाच एकदा चौथीच्या वर्गात सणांचा विषय निघाला. एक जण उठून म्हणाला, "मॅडम, परदेशातल्या पोरांना पोळ्याची सुट्टी असती का?" सगळा वर्ग खो-खो हसला. मी म्हटलं, "नसते रे बाबा." त्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "मग ते पोळा करतच नसतील."

तेव्हा मी वर्गाला माझ्या ताईची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

माझी थोरली बहीण जर्मनीत म्युनिक शहराजवळ राहते. भाऊजी तिथं एका कारखान्यात इंजिनिअर आहेत. त्यांना दोन मुलं, एक मुलगी आणि तिच्या पाठचा मुलगा. ताई आणि मी एकाच वाड्यात वाढलो, एकाच बैलगाडीत बसून शेतात गेलो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी अण्णा, म्हणजे आमचे वडील, बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळायचे. याला खांदेमळणी म्हणतात. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलवटलेला असतो ना, त्याला तेवढाच आराम. मग बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. हो, चक्क बैलांच्या कानाशी जाऊन! ते काम ताईचं असायचं. मी धाकटी, म्हणून मला फक्त कंदील धरायला मिळायचा. त्याचा राग अजून गेलेला नाही माझा!

तर अशी ही ताई जर्मनीला गेली आणि पहिल्याच वर्षी पोळा साफ विसरली. तिकडच्या दिनदर्शिकेवर श्रावणही नसतो आणि अमावास्याही नसते. संध्याकाळी आईचा फोन गेला, "पुरण घातलंस का गं?" ताई म्हणाली, "आज काय आहे?" आई गप्प झाली. फोन ठेवल्यावर ताई पोळपाटाशी बसून रडली, असं तिनंच मला नंतर सांगितलं. पुढच्या खेपेला ती गावाहून मराठी दिनदर्शिका घेऊन गेली. ती आजही तिच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी टांगलेली असते.

आता ताईच्या घरचा पोळा कसा होतो, ते ऐका. हरभऱ्याची डाळ आणि गूळ भारतीय किराणा दुकानात मिळतो. पाटा-वरवंटा नाही, म्हणून पुरण मिक्सरमधून निघतं. (आईच्या मते ते पुरण नव्हेच. पण ते सोडा.) बैल कशाचे? पहिल्यांदा कणकेचे केले. ते वाळून तडकले. मग शाळेच्या हस्तकलेसाठी जी माती विकत मिळते, तिचे केले. शिंगांना हिंगूळ कुठून आणणार? ताईचं लाल नेलपॉलिश लावलं! झूल झाली जुन्या रेशमी ब्लाउजपीसची. नाताळच्या झाडाला बांधायच्या इवल्या घंटा दुकानात मिळतात, त्यांची घुंगरमाळ झाली. आणि वेशीवरचं तोरण? गॅलरीच्या दाराला मॅपलच्या पानांचं! त्या दाराखालून मुलांनी बैल हातात धरून घरात आणायचे, ताईनं ओवाळायचं आणि भाऊजींनी तोंडानं ढोल वाजवायचा.

शेजारी एक जर्मन आजीबाई राहतात. त्यांना ताईनं पुरणपोळी दिली. त्यांनी विचारलं, कसला सण? माझी भाची म्हणाली, "आज बैलांना सुट्टी असते." आजीबाईंना हे फारच आवडलं. दरवर्षी त्या विचारतात, "बैलांची सुट्टी कधी आहे?" बघा, सुट्टी या शब्दाला सगळ्या जगात मान आहे.

परदेशात राहणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींना सण असे जमवून घ्यावे लागतात. तिथं चतुर्थी बुधवारी आली, तर त्या दिवशी आईबाबा कामावर आणि मुलं शाळेत. मग घरचा गणपती चतुर्थीलाच बसतो, पण सगळ्यांनी मिळून करायचा उत्सव शनिवार-रविवारी होतो. यासाठी ठिकठिकाणी महाराष्ट्र मंडळं आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ सालचं. 'केसरी'चे संपादक न. चिं. केळकर यांनी ते सुरू केलं. अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या मंडळांनी १९८१ मध्ये एकत्र येऊन बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केलं. तिकडे मराठी शिकवणाऱ्या शाळाही भरतात, बहुतेक सुट्टीच्या दिवशी. सुट्टीच्या दिवशी शाळा, म्हणजे काय शिक्षा, नाही का? आणि हो, न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना १ नोव्हेंबर २०२४ रोजी पहिल्यांदाच दिवाळीची सुट्टी मिळाली. त्यासाठीचा कायदा आदल्या वर्षी झाला होता. पोळ्याची सुट्टी मात्र अजून कुणी दिलेली नाही!

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, तुमची ताई तर गावातच वाढली. तिला पोळा आठवणारच. पण तिच्या नातवंडांचं काय? पणतवंडांचं काय?

याचं उत्तर शोधायला आपल्याला हिंदी महासागरात जावं लागेल. नकाशा काढा. आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर नावाचं मोठं बेट दिसेल. त्याच्याही पूर्वेला एक ठिपका आहे, तो मॉरिशस. सगळा देश मिळून सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर. आपल्या जालना जिल्ह्यात असे तीन मॉरिशस मावतील आणि वर जागा उरेल. या बेटावर इंग्रजांचं राज्य होतं आणि उसाचे मोठमोठे मळे होते. १८३५ साली तिथली गुलामगिरी बंद झाली, तेव्हा मळ्यांत राबायला माणसं हवी म्हणून हिंदुस्थानातून मजूर नेले जाऊ लागले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज मजुरांना घेऊन तिथं पोचलं होतं, म्हणून हा दिवस मॉरिशसमध्ये आजही पाळतात. मजुरांकडून करारावर अंगठा घेत. कराराला इंग्रजीत 'अ‍ॅग्रीमेंट' म्हणतात. त्याचा उच्चार झाला 'गिरमिट' आणि ही माणसं झाली 'गिरमिटिया'. १९२० पर्यंत जवळजवळ साडेचार लाख माणसं अशी या बेटावर उतरली. बहुतेक जण बिहारच्या बाजूचे, काही तमिळ, काही तेलुगू आणि काही आपले रत्नागिरीकडचे कोकणी मराठी.

पोर्ट लुई बंदरात जिथं हे लोक उतरत, ती जागा जपून ठेवली आहे. तिचं नाव आप्रवासी घाट. बोटीतून उतरून तिथल्या सोळा दगडी पायऱ्या चढायच्या, की आपण परक्या देशात. २००६ मध्ये युनेस्कोनं या घाटाला जागतिक वारसा ठरवलं. पायऱ्या चढल्यावर नाव नोंदवलं जाई. कारकुनाला ना मराठी येई ना भोजपुरी. त्याच्या कानाला जसं ऐकू येईल तसं नाव तो इंग्रजीत लिही. ती वाकडीतिकडी झालेली नावं पुढं आडनावं बनली आणि पणतवंडांपर्यंत तशीच गेली. माझ्या हजेरीपत्रकात एखादं नाव चुकलं तर तुम्ही लगेच ओरडता, "मॅडम, माझं नाव नीट लिहा!" त्या माणसांना ओरडायची सोय नव्हती.

पण त्यांनी गणपती सोडला नाही. हेन्रिएटा नावाच्या गावात १८९६ साली एका मराठी कुटुंबानं पहिला गणेशोत्सव केला, असं तिथं सांगतात. लोकमान्य टिळकांनी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला तो १८९३ च्या सुमाराचा काळ. म्हणजे जवळपास त्याच दिवसांत, हजारो किलोमीटर दूर, उसाच्या फडाशेजारी गणपती बसला. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सुट्टी सगळ्या देशाला असते. मराठी असो, चिनी असो, ख्रिश्चन असो, सगळ्यांच्या शाळा बंद! त्या दिवसांत तिथं झाकरी नावाचा नाच होतो. ही आपल्या कोकणातल्या जाखडीची बहीण. घरात ही मंडळी क्रिओल भाषा बोलतात. कित्येकांच्या तोंडातून मराठी केव्हाच गेली. पण तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत मराठी हा विषय घेता येतो. माझ्यासारखीच एखादी बाई तिथं फळ्यावर 'ग गणपतीचा' लिहीत असेल, या कल्पनेनं मला फार बरं वाटतं.

माझं एक निरीक्षण सांगू? माणूस घर सोडून लांब गेला की आधी बोली हरवते आणि ताटातला पदार्थ सगळ्यांत शेवटी. कोकणात शेकडो वर्षं राहिलेले बेने इस्रायल हे ज्यू लोक. घरात मराठी बोलणारे. १९४८ मध्ये इस्रायल हा देश झाल्यावर त्यांतले हजारो जण तिकडे गेले. जाताना त्यांनी बरोबर नेला तो 'मलिदा'. पोहे, गूळ, खोबरं आणि फळं यांचं हे ताट प्रार्थना करून सगळे मिळून खातात. लग्नकार्यात, नवस फेडताना आजही तिकडे मलिदा होतो. इस्रायलमधून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं आहे.

वर्गात मी इथपर्यंत आले, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आमची दिवाळी पण फडातच होती."

मी थांबलेच. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. आमच्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ती मुलगी सांगत होती, आई कोपीपुढं सारवते, रांगोळी काढते, पणतीला वारा लागू नये म्हणून घमेल्याचा आडोसा करते. पहाटे टोळी फडात जाते, म्हणून अभ्यंगस्नान मध्यरात्रीच उरकतं. करंज्या गावाहून डब्यात भरून नेलेल्या. वर्ग अगदी चिडीचूप ऐकत होता. मॉरिशसची गोष्ट सांगायला मी नकाशा आणला होता, आणि उसाच्या फडातला सण जिनं स्वतः पाहिला ती तर माझ्याच वर्गात बसलेली!

असो. पुन्हा ताईकडे जाऊ, कारण खरी गोष्ट पुढेच आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात आपल्याकडे जनावरांवर लम्पीची साथ होती. हा विषाणूमुळं होणारा त्वचेचा रोग. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. ताप येतो, अंगावर गाठी उठतात, जनावर चारा सोडतं. माणसाला तो होत नाही. लसीकरण झालं तरी काही जनावरं दगावलीच. त्या वर्षी अधिक श्रावण असल्यामुळं पोळा लांबला, १४ सप्टेंबरला आला. साथ पसरू नये म्हणून ठिकठिकाणी सांगण्यात आलं की बैल एकत्र जमवू नका, पोळा घरच्या घरी करा.

अण्णांच्या जोडीतला एक बैल पोळ्याच्या तीन आठवडे आधी गेला. त्याचं नाव मोत्या. अण्णांनी त्याला गोऱ्हा असल्यापासून वाढवलं होतं. डॉक्टर आले, औषधं झाली, गाठींना लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं शेकलं, पण चौदाव्या दिवशी तो उठला नाही. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. गोठ्यात सोन्या एकटा उरला.

पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजले, तेव्हा जर्मनीत दुपारचे अडीच झाले होते. मुलं शाळेतून आली होती. व्हिडिओ कॉल लागला. भाचीनं तिचे दोन बैल दाखवले. लाल शिंगं, रेशमी झूल, घंटा, सगळा थाट! मग ती म्हणाली, "आबा, आता सोन्या दाखवा ना."

अण्णांनी फोन गोठ्याकडे वळवला. सोन्या नुसताच उभा होता. धुतलेला, स्वच्छ, कपाळाला कुंकू, पुढ्यात पुरणपोळीचं ताट. पण शिंगांना रंग नाही, बेगड नाही, झूल नाही, गोंडा नाही.

"आबा, तुम्ही त्याला सजवलंच नाही!" भाची रागावली. "त्याचा काय दोष? तो तर जिवंत आहे ना?"

अण्णांनी एवढंच म्हटलं, "यंदा नाही, माय." आणि फोन आईच्या हाती दिला.

भाची मनातून फार खट्टू झाली. आबांनी सोन्यावर अन्याय केला, असं तिला वाटलं. ताईनं समजावून पाहिलं. सुतक म्हणजे काय, हे सांगायचा प्रयत्न केला. पण जर्मनीत वाढलेल्या दहा वर्षांच्या मुलीला ते कसं सांगायचं? तिनं दोन दिवस आबांना फोन केला नाही.

त्याच शनिवारी भाऊजी सगळ्यांना आलगॉय भागात घेऊन गेले. हा जर्मनीच्या दक्षिणेचा, आल्प्स पर्वताच्या पायथ्याचा भाग. हिरवीगार कुरणं आणि दुधाळ गाई. तिथले शेतकरी उन्हाळ्याच्या सुरुवातीला आपली गुरं उंच डोंगरावर चरायला पाठवतात. साधारण शंभर दिवस ती तिथंच राहतात, गुराख्यांच्या राखणीत. सप्टेंबरात थंडी वाढू लागली की सगळे कळप वाजतगाजत खाली गावात आणतात. या सोहळ्याला 'फीशाइड' म्हणतात. 'फी' म्हणजे गुरंढोरं आणि 'शाइड' म्हणजे वेगळं होणं. गावात आल्यावर कळपातली गुरं वेगवेगळी करून ज्याची त्याला देतात, म्हणून हे नाव. आपल्याकडे तोरण तुटलं आणि बैल घरोघर निघाले की आपण काय म्हणतो? "पोळा फुटला!" आहे की नाही गंमत?

भाचीनं मला नंतर सगळं वर्णन करून सांगितलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. लांबून घंटांचा घणघणाट ऐकू येऊ लागला. आपल्या घुंगरांसारखा नाजूक नव्हे, एकेक घंटा घागरीएवढी! पुढं पारंपरिक कपडे घातलेले गुराखी, हातात काठ्या. आणि कळपाच्या पुढं चालणारी मानाची गाय. तिच्या डोक्यावर फुलांचा, पानांचा उंच मुकुट, मध्ये छोटासा आरसा. भाची ओरडलीच, "आई, पोळा! हा तर पोळा!" धाकट्यानं तर भाऊजींच्या खांद्यावर बसून तोंडानं ढोल सुरू केला.

असे दोन कळप गेले. मग तिसरा आला. त्याच्या पुढच्या गाईच्या डोक्यावर मुकुट नव्हता. फुलं नाहीत, आरसा नाही. नुसती गाय चालत होती आणि मागे बाकीची गुरं.

भाचीनं शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांना जर्मनमध्ये विचारलं, "हिला का नाही सजवलं?"

ते म्हणाले, "या कळपातलं एक जनावर या उन्हाळ्यात डोंगरावर गेलं. ज्या वर्षी कळपातलं कुणी दगावतं, त्या वर्षी मुकुट घालत नाहीत."

ताई सांगते, पोरगी मग बराच वेळ काही बोललीच नाही. पुढचे कळप तिनं पाहिले, पण ओरडली नाही. परतीच्या वाटेवर गाडीतूनच तिनं अण्णांना फोन लावला. आमच्याकडे रात्र झाली होती, अण्णा ओसरीवर अंथरूण टाकत होते. मी तिथंच होते.

"आबा, इथं पण गाईला सजवलं नाही. त्यांच्यातली एक गेली."

अण्णा अंथरुणावर बसले. "कशानं गेली?"

"ते नाही विचारलं."

"विचारायचं होतं," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "बाकीच्यांनी चारा खाल्ला का?"

"ते पण नाही विचारलं, आबा. पण चालत होत्या नीट."

"मंग ठीक हाय," अण्णा म्हणाले.

पुढं काय झालं, तेही सांगते. अण्णांनी दुसरा बैल घेतला नाही. आता वय झालं, आणि गावात ट्रॅक्टरही झालेत. पण शेजारच्या काकांकडेही एकच बैल उरला होता. दोघांनी सावड केली. म्हणजे तुझा एक, माझा एक, मिळून जोडी. आठवड्यातले काही दिवस याचं शेत, काही दिवस त्याचं. २०२४ च्या पोळ्याला सोन्या सजला. शिंगांना निळा रंग, नवी झूल, कपाळावर बाशिंग. शेजारी काकांचा बैल, तो सोन्यापेक्षा चांगला वीतभर बुटका! वेशीत ही जोडी आली तेव्हा लोक हसत होते आणि अण्णाही हसत होते.

मी फोटो काढून ताईला पाठवला. दोन तासांनी तिकडून फोटो आला. खिडकीत दोन मातीचे बैल, नवे केलेले. एक उंच, एक बुटका.

मी तो अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "बुटक्याची वेसण राहिली की!"

मी तसं कळवलं. रात्री झोपायच्या आत आणखी एक फोटो आला. बुटक्याच्या नाकात लाल दोऱ्याची वेसण होती.